शाल नको, तारीख द्या

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार

स.न.वि.वि.

एकाच पत्रावर तुम्हा दोघांची नावं बघून तुमच्या कचेरीतली माणसं बुचकळ्यात पडतील. एकाचं काम सातबाऱ्याचं, दुसऱ्याचं सरहद्दीचं. मग हे पत्र कुठल्या टेबलाकडे सरकवायचं? गेलं दीड वर्ष मी याच दोन टेबलांच्या मधे उभी आहे, म्हणून पत्रही दोघांना लिहिते आहे.

मी एका हवालदाराची बायको. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आमचं गाव. घरात सासूबाई, दोन मुलं, एक म्हैस आणि पिठाची गिरणी. गिरणी मी चालवते. यांची नोकरी एकोणीस वर्षं झाली. सध्या लडाखकडे आहेत. चौकीचं नाव लिहीत नाही, लिहायचं नसतं. खरं सांगायचं तर मलाही ते नीट माहीत नाही.

यंदाच्या 15 ऑगस्टला तालुक्याच्या ठिकाणी सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार झाला. मलाही बोलावलं. मंडपात बसवलं, माझं नाव पुकारलं, शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. भाषणात साहेब म्हणाले, तुम्ही घराची काळजी करू नका, शासन तुमच्या पाठीशी आहे. त्यानंतर चौथ्या दिवशी सर्कल साहेबांकडच्या, म्हणजे मंडल अधिकाऱ्यांकडच्या, आमच्या जमिनीच्या तक्रारी नोंदीचा निकाल हातात पडला. त्यात माझ्या नवऱ्याविषयी लिहिलं होतं: 'पुरेशी संधी देऊनही हजर राहिले नाहीत. सबब हरकत फेटाळण्यात येते.'

गैरहजर. सोळा हजार फुटांवर देशाच्या हजेरीवर असलेला माणूस तालुक्याच्या दप्तरी गैरहजर.

प्रकरण थोडक्यात सांगते, कारण भांडणात नवीन काही नाही. गावोगावी हेच आहे. विहिरीजवळची 22 गुंठे जमीन. सासूबाईंनी आणि नणंदेनं हक्कसोड करून दिल्यामुळे सातबाऱ्यावर यांचं एकट्याचं नाव. चुलत दिरांनी एका जुन्या वाटणीपत्राचा कागद पुढे केला आणि त्यावरून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, टाकला. आम्ही हरकत घेतली. जमीन कुणाची, ते मी तुम्हाला विचारत नाही. भाऊजींचं म्हणणं खरंही निघेल. पण ज्याची जमीन त्याला तोंड उघडू न देता निकाल लागला, हे मला मान्य नाही.

सुनावणीच्या तिन्ही तारखांना मी गेले होते. गिरणी बंद ठेवून, एसटीनं, यांचं नोकरीचं सर्टिफिकेट घेऊन. पहिल्या तारखेला सांगितलं, खातेदार कुठे आहेत? दुसऱ्या तारखेला सांगितलं, तुमच्याकडे मुखत्यारपत्र नाही, तुमचं म्हणणं घेता येत नाही. तिसऱ्या तारखेला साहेब मीटिंगला गेले होते. मुखत्यारपत्र करायला यांना नोटरीपुढे उभं राहावं लागेल. बर्फातल्या चौकीवर नोटरी बसत नाही. आता मला सांगा, संधी 'पुरेशी' म्हणजे किती?

संरक्षण मंत्री साहेब, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे.

फौजेत नवरा असला की घरची बाई एक गोष्ट आपोआप शिकते: फोनवर वाईट काही बोलायचं नाही. म्हैस आजारी, पोराला ताप, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, सगळ्याला एकच उत्तर, 'इकडं सगळं बरं आहे, तुम्ही जपून राहा.' तेही तिकडून तेच म्हणतात. दोन खोटारडी माणसं दहा मिनिटं बोलतात आणि फोन ठेवतात. आमचा संसार असा चालतो आणि मी त्याची तक्रार करत नाही.

नोटिशीचंही मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण पुतण्यानं चावडीवर लावलेल्या नोटिशीचा फोटो काढून त्यांना पाठवला. चांगल्या मनानंच पाठवला असेल. हे वरून खाली आले, अकरा दिवसांनी मोबाइलला रेंज मिळाली आणि सगळ्यात आधी तो फोटो उघडला. मग मला फोन केला. माझ्या गिरणीत ज्वारी पडत होती. मी बटण बंद केलं आणि बाहेर आले. त्यांनी मुलांचं विचारलं नाही, आईचं विचारलं नाही. म्हणाले, 'विहिरीवरचा आंबा तोडला का गं?'

मी म्हटलं, नाही, आहे की.

आंबा दोन दिवसांपूर्वी तोडला होता. ओंडका अजून बांधावर पडला होता. पलीकडून बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, 'आता तूसुद्धा.' आणि फोन कट झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, ते मला आजही माहीत नाही.

आठवडाभरानं त्यांच्याच सेक्शनमधल्या एका पोराचा फोन आला. कोल्हापूरकडचा आहे, मला वहिनी म्हणतो. म्हणाला, 'वहिनी, दादा झोपत नाहीत. जेवण तसंच ठेवतात. तुम्ही काळजी करू नका, सुभेदार साहेबांनी त्यांना लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, कामाला घेतलंय. रायफल जमा आहे.'

रायफल का जमा करतात, हे फौजीच्या बायकोला समजावून सांगावं लागत नाही. त्या रात्री मी सासूबाईंना काही न सांगता देवघरात बसून राहिले. सकाळी दळण घेऊन बायका आल्या तेव्हा उठले.

यांच्या पलटणीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. सुभेदार साहेबांनी ओळखलं, डॉक्टरांपुढे नेलं, सोबतीला माणूस ठेवला, सीओ साहेबांनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, आमच्या कलेक्टर कचेरीला स्वतःच्या सहीचं पत्र लिहिलं. ते पत्र कलेक्टर कचेरीतून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलला आणि तहसीलमधून सर्कलकडे 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' उतरत गेलं. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक पडला, जावक क्रमांक पडला. सर्कलच्या टेबलावर पोचलं तेव्हा निकाल लागून नऊ दिवस झाले होते. लडाखहून जिल्ह्याला यायला पत्राला पाच दिवस पुरले. जिल्ह्याहून आमच्या मंडलात यायला सात आठवडे.

जुलै 2022 मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं होतं की मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या 819 जणांनी आत्महत्या केली. त्यातले 642 भूदलाचे. हा आकडा मी मोबाइलवर वाचला आणि स्क्रीन उलटी करून ठेवली. अशा उत्तरांमध्ये कारणं दिलेली असतात: घरगुती अडचणी, वैवाहिक कलह, पैशाची ओढाताण, मानसिक ताण. आणि उपाय दिलेले असतात: योग, ध्यान, समुपदेशक, उदार सुट्टी, चांगलं जेवण. हे सगळं असावं. यांना योगाचा फायदाही होतो, घरी आले की पहाटे छतावर करतात. पण सरकलेला बांध योगानं मागे येत नाही. कारणांच्या यादीत घर पहिलं असेल तर उपायांच्या यादीत तलाठी कसा नाही? घरगुती म्हटलं की नवरा-बायकोचं काहीतरी असणार, असं वाटून सगळे मान खाली घालतात. घरगुती म्हणजे बांध, रस्ता, विहीर, वारस नोंद, मोजणीची तारीख. तीही सरकारच देतं.

त्याच्या आधी, 2021 च्या सुरुवातीला, दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी विषयांच्या अभ्यास संस्थेच्या एका अभ्यासाची बातमी आली होती. निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र तणावाखाली आहेत, असा त्याचा निष्कर्ष. लष्करानं सांगितलं की तपासलेले सैनिक फार थोडे होते, त्यावरून असं म्हणता येत नाही. तो अभ्यास त्यांच्या वेबसाइटवरूनही गेला. नमुना लहान असेल, मान्य. मग मोठा घ्या. काढून टाकल्यानं आमच्यासारख्या बायकांना काय कळलं म्हणता? एवढंच की हा विषय बोलायचा नाही.

नाही बोलायचं हे जवानांनाही माहीत असतं. भरतीपासून त्यांची तब्येत 'शेप' या इंग्रजी अक्षरांवर मोजतात. त्यातलं पहिलं अक्षर, एस, हे मनाचं. आमच्या यांनीच मला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं, बघ, फौजेत मन पहिलं. पण त्याच पहिल्या अक्षरावर शेरा पडला की वैद्यकीय कॅटेगरी खाली येते, बढती अडते, पलटणीत कुजबुज होते. नायब सुभेदार होण्याच्या उंबऱ्यावरचा माणूस डॉक्टरला 'मला झोप येत नाही' असं आपणहून कशाला सांगेल? गुडघा दुखतोय म्हणेल. आमच्या यांनी तेच सांगितलं होतं. गुडघ्याच्या गोळ्या खाल्ल्या त्यांनी आठ दिवस.

आणखी एक. उंचावर जाताना फौज शरीराला सवय करून देते. पहिल्या टप्प्यावर 6 दिवस, त्याच्यावर 4, त्याच्याही वर आणखी 4. घाई करून चालत नाही, फुप्फुसात पाणी होतं, माणूस जातो. सुट्टीवरून परत गेले तरी पुन्हा काही दिवस थांबवतात. किती शहाणपणाचा नियम आहे हा. पण सुट्टीत माणूस काय काय बघून जातो, त्याची सवय करायला किती दिवस? झेलम एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, तिथून चंदीगडचा ट्रान्झिट कॅम्प, हवा मोकळी झाली की लेहचं विमान. त्या वाटेत कुठे तरी कुणी 'घरी काय चाललंय रे तुझ्या?' असं एका कोपऱ्यात बसवून विचारलं, तर पुष्कळ काही बाहेर येईल. सुट्टीहून परतल्यावर बूट, दाढी, सामान सगळं तपासतात.

आमच्या बाजूचंही दोन ओळी लिहिते. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा हे सुट्टीवर आलेले होते, सात दिवस उरले होते. निरोप आला आणि त्याच रात्री निघाले. नंतरचे चार दिवस टीव्हीवर सायरन वाजत होते. आमच्या घरावरून विमान जाणार नव्हतं, पण धाकटा पलंगाखाली जाऊन झोपायचा. शेवटी सरकारनंच चॅनेलवाल्यांना सांगितलं की कार्यक्रमात असले भोंगे वाजवू नका. ते वाचून मी मनातल्या मनात हात जोडले होते. म्हणजे बारीकसारीक गोष्टींनी माणूस घाबरतो हे सरकारला कळतं, आणि मनात आलं तर एका पत्रकानं ते थांबवताही येतं.

महसूल मंत्री साहेब, तुमच्या हातात काहीच नाही असंही नाही. 1925 चा एक कायदा आहे, इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. इंग्रजांच्या काळातला. त्यांना तरी आमच्या माणसांची गरज होती. त्यात लिहिलंय की खास परिस्थितीत तैनात असलेला सैनिक दिवाणी किंवा महसुली दाव्यात हजर राहू शकत नसेल तर जिल्ह्याचा कलेक्टर तसं न्यायालयाला कळवू शकतो, आणि काम थांबतं. मी याची प्रत काढून नेली होती. मला ऐकवलं गेलं, बाई, सर्कलपुढची सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. नसेलही. मी बारावी शिकलेली आहे, कायद्याचा कीस मला काढता येत नाही. पण जे कोर्ट नाही त्याच्या निकालानं जमीन हलते आणि जे कोर्ट आहे तिथंच फक्त सैनिकाला संरक्षण, हे गणित कुणी मला समजावून द्या.

2022 साली तुमच्याच राज्यात अमृत जवान अभियान झालं. सैनिकांच्या कुटुंबांची सरकारी कचेऱ्यांतली रखडलेली कामं मार्गी लावायची म्हणून. आमच्या शेजारच्या आळीतल्या वीरपत्नीचं रेशन कार्ड आणि वारस नोंद तेव्हा एका महिन्यात झाली, जी सहा वर्षं होत नव्हती. अभियान संपलं. सैनिक संपले नव्हते. आणि 2025 च्या कारगिल विजय दिनाला श्रीनगरमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिकांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत देणारी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. ती ऐकून मी फार आशेनं गेले. आमच्याकडे टेबल आलंय, वकील यायचे आहेत.

आता मागते ते सरळ मागते.

राज्यातल्या प्रत्येक फेरफार, मोजणी, रस्ता आणि वाटपाच्या प्रकरणात पहिल्याच पानावर एक प्रश्न छापा: यातला कुणी पक्षकार फौजेत तैनात आहे का? असेल तर तो सुट्टीवर येईल तेव्हाची तारीख द्या, नाहीतर व्हिडिओ कॉलवर त्याचं म्हणणं ऐका. हायकोर्टात पडद्यावर सुनावणी होते, मंडलात का होऊ नये? त्याची सही हवी असेल तर पलटणीच्या अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं पत्र मुखत्यारपत्राइतकं ग्राह्य धरा आणि बायकोचं म्हणणं लिहून घ्या.

कमांडिंग ऑफिसरचं पत्र आलं की तीस दिवसांत लेखी उत्तर, आणि तोवर त्या प्रकरणात निकाल नाही. उत्तराची एक प्रत थेट पलटणीला. जवानाला 'तुझं काम होईल' असं सांगायचं नसलं तरी चालेल; 'तुझ्या कामाची तारीख अमुक आहे' एवढं सुभेदार साहेबांना रोल कॉलला सांगता आलं पाहिजे. माझ्या अनुभवानं सांगते, न्याय मिळेपर्यंत माणूस थांबतो, पण काहीच माहीत नसलं की त्याची झोप जाते.

संरक्षण मंत्री साहेब, तुमच्याकडे तीन गोष्टी. आपणहून मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याच्या पहिल्या काही भेटी कॅटेगरीला लागू होऊ देऊ नका, आणि तसा लेखी आदेश प्रत्येक सैनिक संमेलनात त्याच्या भाषेत वाचून दाखवा. वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ सुट्टी नियमात आहे; त्यातली काही सुट्टी कोर्ट-कचेरीच्या तारखेसाठी मागितली तर ती आधी द्या, एका वेळी किती टक्के माणसं सुट्टीवर सोडायची ते नंतर बघा. तिसरी गोष्ट पुण्याची. 1 डिसेंबर 2023 ला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजींसाठी आणि घरच्यांसाठी टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन सेवेचा, खास कक्ष सुरू झाला. 14416 हा नंबर, दिवसरात्र. माझ्या घरापासून काही तासांच्या वाटेवरची ही सोय मला कुणी सांगितली? सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी, तेही धाकट्याचा ताप बघताना, बोलता बोलता. मी फोन केला. पलीकडची बाई मराठीत बोलली, मध्ये न तोडता वीस मिनिटं ऐकून घेतलं. हा नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, कॅन्टीनच्या बिलाच्या पाठीमागे छापा. कॅन्टीनला तर आम्ही जातोच.

आणि तो अभ्यास पुन्हा करा. मोठ्या नमुन्याचा करा, घरच्यांनाही विचारा, आणि छापा.

आमच्याकडे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं नाव घेतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, गावाच्या नावापुढे मिलिटरी लागलं. अशा गावांत भाषणं करायला पुढारी येतात तेव्हा आम्ही बायका पहिल्या रांगेत बसतो, टाळ्याही वाजवतो. माझी शाल कपाटात घडी करून ठेवली आहे. चांगली आहे, उबदार आहे. रागानं परत पाठवणार होते, सासूबाई म्हणाल्या, असं करू नये, सरकारचा मान असतो. म्हणून ठेवली.

आमचे हे आता बरे आहेत. रायफल परत मिळाली. मागच्या फोनवर मुलांचं विचारलं, म्हशीचंसुद्धा विचारलं. जमिनीचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. सर्कलच्या निकालावर मी प्रांत साहेबांकडे अपील दाखल केलंय. तारीख पुढच्या महिन्यातली पडली आहे, आणि हे त्या तारखेला वरच असतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं उत्तर आलं तर दोन्ही एकदम सांगेन.

आपली,
एका हवालदाराची पत्नी
(नाव-पत्ता दोन्ही कचेऱ्यांना पाठवलेल्या प्रतीवर दिला आहे)